भिंतीवरचा डास, टाकीतला डास

आकाश स्वच्छ असलं की बडोद्यातल्या उंच गच्चीवरून पावागड दिसतो. पावागड म्हणजे पंचमहाल जिल्हा, एकेकाळचा शिंद्यांचा मुलूख. महाकाळीच्या दर्शनाला अर्धं बडोदं तिकडे जातं. त्या जिल्ह्याच्या नावावर आणखी एक गोष्ट जमा आहे, ती मात्र कुणी सांगत नाही. 1959 साली, गुजरात राज्य अजून व्हायचं होतं तेव्हा, एक शोधनिबंध छापून आला. मुंबई राज्यातल्या पंचमहाल जिल्ह्यात अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसीस जातीचे डास डी.डी.टी. हे कीटकनाशक सोसू लागले आहेत, असं त्यात म्हटलं होतं. भारताच्या खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणारा मुख्य डास तो हाच. आणि देशातून मलेरिया हद्दपार करण्याचा कार्यक्रम जाहीर झाला होता 1958 साली, म्हणजे आदल्याच वर्षी.

माझे वडील, नाना, त्या काळात मलेरिया खात्यात होते. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत आणि ते गोध्रा, दाहोद, लिमखेडा असे कायम फिरतीवर. घरी आले की त्यांच्या गोष्टींत डासांपेक्षा भिंतीच जास्त असत. मातीच्या, कुडाच्या, शेणाने सारवलेल्या. बादलीत पंप बुडवून एकाने तो हाणायचा, दुसऱ्याने लांब नळी धरून भिंत वरपासून खालपर्यंत भिजवायची. वाळल्यावर भिंतीवर पांढरट डाग राहत. मग दिवाळी आली, नाहीतर घरात लग्न निघालं, की बायका त्यावर नवं लिंपण देत आणि डी.डी.टी. मातीखाली गाडलं जाई. नानांना या गोष्टीचा राग येत असे. मला मात्र त्या बायकांचंच पटायचं. सणाला कोण डागाळलेल्या भिंती ठेवील?

भिंतच का, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. मादी रक्त पिते ते अंड्यांसाठी; नराला रक्त लागतच नाही, तो फुलांच्या रसावर जगतो. एका बैठकीत ती स्वतःच्या वजनाहून जास्त रक्त ओढते. त्या ओझ्याने तिला फार लांब उडवत नाही, म्हणून ती जवळच्या भिंतीवर टेकते, रक्तातलं पाणी बाहेर टाकते आणि पचवत बसते. आता यातली खरी मेख अशी, की रोग्याचं रक्त पिऊन पोटात आलेला मलेरियाचा परजीवी तिला लगेच दुसऱ्याला देता येत नाही. तो आधी जठराच्या भिंतीत वाढतो, मग फुटून लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोहोचतो. यात साधारण दहा ते चौदा दिवस जातात. दर दोन-तीन दिवसांनी रक्त पिऊन भिंतीवर बसणारी मादी तेवढ्या काळात चार-पाचदा भिंतीला टेकते. बहुतेक माद्या इतकं जगतच नाहीत. मलेरिया पसरवतात त्या मूठभर म्हाताऱ्या. भिंतीवरच्या विषाने सगळे डास मेले नाहीत तरी चालतं, त्यांना म्हातारं होऊ दिलं नाही की पुरे.

हे गणित कागदावर सुंदर होतं आणि काही वर्षं जमिनीवरही जमलं. 1953 साली मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे, असा अंदाज होता. 1965 पर्यंत नोंदलेले रुग्ण लाखाच्या आसपास आले. 1976 साली ते पुन्हा 64 लाखांवर गेले. त्याची कारणं अनेक होती. पैसा आटला, माणसं सुस्तावली, फवारण्या वेळेवर झाल्या नाहीत. पण एक कारण पंचमहालातल्या त्या भिंतींवर कधीच बसलेलं होतं.

डी.डी.टी. काम कसं करतं ते पाहा. मज्जापेशीच्या आवरणात सोडियम आत सोडणारी दारं असतात. निरोप आला की क्षणभर उघडायची, लगेच मिटायची. डी.डी.टी. ते दार उघडंच अडकवून ठेवतं. मज्जा थांबायचं नाव घेत नाही, डास थरथरत मरतो. या दाराच्या प्रथिनात एका ठरावीक जागी ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल असतं. तिथे फेनिलअ‍ॅलॅनिन आलं की विषाची पकड ढिली होते. जनुकातल्या एका अक्षराचा फरक. दुसरा रस्ता पचवण्याचा. विषाचे तुकडे करणारं विकर डासाने जास्त प्रमाणात बनवायचं. फवारणीमुळे हे बदल घडले, असं लोक सहज म्हणतात. तसं झालेलं नसतं. लाखो डासांत एखाददुसऱ्यात ते आधीच कुठेतरी असतात, आणि विष नसताना त्यांचा काही उपयोगही नसतो. फवारणीने बाकीच्यांना वाटेतून दूर केलं. कुणाची संतती पुढे चालायची हे आपण ठरवलं, फक्त आपण काहीतरी ठरवतोय याचा आपल्याला पत्ता नव्हता. आज मच्छरदाण्यांना लावतात त्या पायरेथ्रॉइड औषधांचं लक्ष्यही तेच सोडियमचं दार आहे. म्हणजे आजोबांच्या काळात डी.डी.टी.तून निभावलेल्या डासाच्या नातवंडांना आपली नवी मच्छरदाणी थोडी ओळखीची वाटली तर नवल नाही.

मी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं होतं. पुढे नोकरी बँकेत केली, त्यामुळे विषय हातातून सुटला तो सुटलाच, पण एक प्रॅक्टिकल डोक्यात राहिलं. कायरोनॉमस नावाच्या माशीच्या अळीची लाळग्रंथी काढायची, ती रंगवायची, वर काच ठेवायची, टिपकागदातून अंगठ्याने दाबायची. जास्त दाबलं तर काच फुटते, कमी दाबलं तर काही दिसत नाही. नेमकं जमलं की सूक्ष्मदर्शकाखाली महाकाय गुणसूत्रं उलगडतात, आडव्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. एकच गुणसूत्र पुनःपुन्हा दुप्पट होऊनही वेगळं न झाल्यामुळे इतकं जाड झालेलं. अ‍ॅनोफिलिस डासातही अशी गुणसूत्रं मिळतात, पूर्ण वाढलेल्या मादीत ती अंडाशयात असतात, आणि तीही अंडी अर्धवट भरलेली असतानाच. डासाच्या गुणसूत्रांच्या जोड्या अवघ्या तीन. त्यांवरच्या पट्ट्या वाचणारी माणसं होती आणि आहेत.

या वाचनातून 1980 च्या सुमारास एक विचित्र गोष्ट पुढे आली. गुणसूत्राचा एखादा तुकडा कधीकाळी तुटून उलटा जोडला जातो, आणि पट्ट्यांचा क्रम त्या भागापुरता उलटतो. एकाच गोठ्यात, एकाच रात्री पकडलेल्या क्युलिसिफेसीस डासांत काहींच्या दोन्ही प्रती सरळ निघाल्या, काहींच्या दोन्ही उलट्या. एक सरळ आणि एक उलटी, असा संकर मात्र मिळेना. आपसात लग्नं होत असती तर असे डास भरपूर मिळायला हवे होते. थोडक्यात, एकाच म्हशीवर जेवणाऱ्या या मंडळींत रोटीव्यवहार होता, बेटीव्यवहार नव्हता. डोळ्यांना, अगदी भिंगालाही, एक दिसणारी ती जात म्हणजे सख्ख्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या वेगवेगळ्या जाती होत्या. पुढच्या दोन दशकांत दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातल्या सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुळाचा माग काढला. आज ए, बी, सी, डी, ई अशा पाच बहिणी मानल्या जातात. त्यांतली बी बहुतेक ठिकाणी गुराढोरांवरच भागवते आणि मलेरिया पसरवण्यात फार कच्ची आहे. गुजरातेत बी आणि सी एकत्र सापडल्याच्या नोंदी आहेत.

नाना निवृत्त झाल्यावर हे मी त्यांना एका मासिकातून वाचून दाखवलं.

"नाना, तुमचा क्युलिसिफेसीस एक नाही हो, पाच आहेत."

"पाच? पगार तर आम्हाला एकाचाच दिला," ते म्हणाले आणि बराच वेळ हसले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "म्हणजे गोठा फवारायचो तेव्हा कोण मेलं गं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि त्या मासिकातही नव्हतं. ज्या भिंतीवर बी बसली होती तिथे आपण कदाचित गायीचाच डास मारत होतो. कीटकनाशकाला दाद देण्यात किंवा न देण्यातही या बहिणी सारख्या नसतात. खात्याच्या रजिस्टरात मात्र रकाना एकच.

असा घोळ आपल्याच वाट्याला आला असंही नाही. युरोपात काही भागांत अ‍ॅनोफिलिस उदंड आणि मलेरिया नाही, हे कोडं कित्येक वर्षं सुटत नव्हतं. शेवटी इटलीत कुणाचं तरी लक्ष अंड्यांकडे गेलं. डास सारखे, पण पाण्यावर तरंगणाऱ्या अंड्यांवरची नक्षी निरनिराळी. तिथेही एका नावाखाली अनेक जाती नांदत होत्या, काही माणसाच्या मागे, काही गुरांच्या. खुद्द रोनाल्ड रॉस यांनी 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठरात परजीवी पाहिला, त्याआधी दोन वर्षं ते भलत्याच डासांची पोटं फाडत होते. ज्याच्यात परजीवी सापडला त्याचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. पंखांवर ठिपके असलेला डास, एवढीच त्याची ओळख.

आफ्रिकेतली कथा याहून गुंतागुंतीची, आणि मला सर्वांत जास्त गुंगवणारी. तिथल्या अ‍ॅनोफिलिस गॅम्बी कुळातही दिसायला सारख्या अनेक जाती आहेत. मारिओ कोलुत्झी या इटालियन शास्त्रज्ञाने आयुष्यभर त्यांच्या गुणसूत्रांच्या पट्ट्या वाचल्या. गुणसूत्राचा काही भाग उलटलेले डास कोरड्या प्रदेशात जास्त आणि दमट जंगलाकडे कमी, असं त्यांना दिसलं. उलटलेला तुकडा सरळ तुकड्याशी अदलाबदल करत नाही, त्यामुळे त्यातली जनुकं एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात. उन्हात तग धरायला उपयोगी अशी जनुकं एकदा एका गठ्ठ्यात सापडली की ती विस्कटत नाहीत. 2002 साली गॅम्बीचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला, अक्षरं सुमारे 28 कोटी. 2015 साली सोळा अ‍ॅनोफिलिस जातींचे जनुकसंच एकत्र आले तेव्हा वंशावळीचाच प्रश्न उभा राहिला. गुणसूत्रांचा बहुतेक भाग सांगत होता की गॅम्बी आणि त्याच कुळातली अरेबिएन्सिस ही जवळची भावंडं. एक्स गुणसूत्र सांगत होतं, तसं नाही. आणि खरं ते एक्सचं निघालं. या दोन जाती वेगळ्या झाल्यानंतरही अधूनमधून त्यांच्यात संकर होत राहिले आणि जनुकं इकडून तिकडे गेली, इतकी की मूळ नातं बाकी सगळीकडे पुसलं गेलं. बेटीव्यवहार नाही असं वर मी ठासून म्हटलं, ते इथे थोडं सैल करायला हवं. हजारात एखादं पळून जाऊन केलेलं लग्न पुरतं. सोडियमच्या दारातला तो बदलही याच चोरवाटेने गॅम्बीतून तिच्या बहिणीत, कोलुत्झी यांचं नाव दिलेल्या जातीत, पोहोचला. कीटकनाशकाचा जोर वाढला, तशी त्या वाटेने आलेल्या जनुकाला किंमत आली. 2017 साली आफ्रिकेतल्या 765 डासांचे जनुकसंच तपासले गेले, त्यांत अक्षरांचे 5 कोटींहून जास्त फरक निघाले. ज्याच्या गाठीशी एवढी विविधता आहे त्याच्यावर एकच औषध पुनःपुन्हा मारत राहणं ही मला तरी हट्टाची गोष्ट वाटते.

निवड एका बाजूनेच होत राहिली, असं मात्र नाही. नाना ज्या आदिवासी पट्ट्यात हिंडले, तिथे सिकल सेलचं प्रमाण मोठं आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातला एक बदल. आई आणि बाप दोघांकडून आला तर आयुष्यभराचं दुखणं, एकाकडूनच आला तर फॅल्सिपेरम या सर्वांत घातक मलेरियापासून बरंच संरक्षण. अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 साली आफ्रिकेत हा संबंध दाखवून दिला. पिढ्यान् पिढ्या ज्या गावांत डासांनी मुलं नेली, तिथे हे जनुक टिकून राहिलं. आता डास कमी झाले तरी जनुक जायला कित्येक पिढ्या लागतील. नानांच्या रजिस्टरात यालाही रकाना नव्हता.

आता बडोदं. आमच्याकडे संध्याकाळी कानाशी गुणगुणतात ते बहुतेक क्यूलेक्स, गटाराच्या पाण्यातले. चावतात खूप, मलेरिया देत नाहीत. दिवसा पायाला डसणारा काळा-पांढरा तो एडिस, डेंग्यूवाला. शहरात मलेरिया आणणारा अ‍ॅनोफिलिस स्टेफेन्साय. लिस्टन यांनी 1901 साली या जातीचं वर्णन केलं. बुड वर करून तिरका बसतो. अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवी तरंगते, क्यूलेक्सच्या अळीसारखी उलटी लोंबकळत नाही. त्याला हवं स्वच्छ पाणी. विहीर, हौद, जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी. सयाजीरावांनी आजवा तलावाचं पाणी नळाने शहरात आणलं त्याला शंभरहून अधिक वर्षं झाली, पण नळ आजही ठरलेल्या वेळेलाच येतो, म्हणून प्रत्येक घर पाणी साठवतं. गटार तुंबलं की लोक कॉर्पोरेशनला फोन करतात, धुराचं मशीन येतं, सगळ्यांना बरं वाटतं. स्टेफेन्साय त्या वेळी आपल्या डोक्यावर, आपणच विकत घेतलेल्या काळ्या टाकीत असतो.

याही डासात पोटभेद आहेत. अंड्याच्या दोन्ही बाजूंना हवेने भरलेल्या होड्या असतात. त्यांवरच्या खाचा मोजून शहरी आणि ग्रामीण प्रकार ओळखतात. शहरी प्रकार मलेरिया पसरवण्यात तरबेज, ग्रामीण प्रकार गुरांकडे वळलेला. शहरं वाढली, टाक्या वाढल्या, शहरी प्रकाराचं फावलं. आणि मग तो निघाला. 2012 साली जिबूतीत सापडला, 2016 साली इथिओपियात, नंतर सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया, घाना. आफ्रिकेत मलेरिया मुख्यतः खेड्यांचा असे, कारण तिथल्या डासांना पावसाची डबकी लागतात. स्टेफेन्सायला पावसाची गरज नाही. इथिओपियातल्या डिरे दावा शहरात 2022 साली भर कोरड्या मोसमात मलेरियाची साथ आली आणि तिचं खापर त्याच्यावर फुटलं. इथिओपियातल्या या डासांची जनुकं सुरुवातीच्या अभ्यासात पाकिस्तानातल्या डासांना जवळची निघाली. म्हणजे दक्षिण आशियातल्या टाक्यांत तयार झालेला हा माल. आफ्रिकेत ज्याच्याशी सामना चालला आहे त्याला अडीअडचणीत जगायला आमच्यासारख्या शहरांनीच शिकवलं.

नवा उपाय म्हणून जीन ड्राइव्हची चर्चा सध्या खूप असते. एरवी एखादं जनुक निम्म्या संततीत जातं. जीन ड्राइव्हमधलं जनुक दुसऱ्या गुणसूत्रावरची आपली जागा कापतं आणि तिथे स्वतःची प्रत बसवतं, त्यामुळे ते जवळजवळ सगळ्या संततीत जातं. ऑस्टिन बर्ट यांनी 2003 साली ही कल्पना मांडली. 2015 साली कॅलिफोर्नियात आपल्या याच स्टेफेन्सायवर ती वापरून परजीवीला रोखणारी जनुकं 99 टक्क्यांहून अधिक संततीत उतरवली गेली. 2018 साली लंडनमध्ये गॅम्बीच्या मादीपणाचं जनुक असं बिघडवलं की पिंजऱ्यातली वसाहत 7 ते 11 पिढ्यांत संपली. त्या जनुकाची निवड मुद्दाम केली होती; तिथे बदल करून निसटायला डासाला वावच जवळजवळ नाही. बंगळुरूलाही अशा कामासाठी संस्था उभी आहे.

मला या तंत्राची भीती वाटत नाही. एका जातीपुरतं नेमकं जाणारं अस्त्र, डी.डी.टी.सारखं मधमाशीपासून मांजरापर्यंत सगळ्यांवर पडणारं नव्हे, हे चांगलंच आहे. अडचण त्याच्या नेमकेपणातच आहे. पिंजऱ्यात डास कुठला हे ठाऊक असतं. पंचमहालातल्या गोठ्यात पाच बहिणींपैकी कुणाला निवडायचं, तिच्यातून ते जनुक चोरवाटेने कुठे जाईल, आणि गेलं तर बरं की वाईट, हे आधी पट्ट्या वाचणाऱ्यांना विचारावं लागेल. अशी माणसं कमी होत चालली आहेत, कारण डास पकडून त्याची जात ओळखण्याच्या कामाला मान नाही, पैसा तर नाहीच. नवी यंत्रं घेण्याआधी खात्यांनी ही माणसं नेमावीत असं माझं मत आहे.

तोवर आमच्या सोसायटीपुरतं बोलायचं तर उपाय जुनाच. 1983 साली मलेरिया संशोधन केंद्राने नडियादच्या खेड्यांत फवारणी बाजूला ठेवून डबकी बुजवणं, टाक्या झाकणं, गप्पी मासे सोडणं असा प्रयोग चालवला होता. बडोद्याहून नडियाद तासाभरावर. आम्ही प्रत्येक टाकीला घट्ट झाकण आणि नळीच्या तोंडाला जाळी बसवायचं ठरवलं. सगळ्या टाक्या झाल्या, एक राहिली. तो फ्लॅट बंद आहे, मालक कॅनडात, टाकीचं झाकण तडकलेलं आणि गच्चीच्या त्या भागाला कुलूप. मी सेक्रेटरीला म्हटलं, "पटेलभाई, किल्ली मागवा ना." ते म्हणाले, "बेन, ते उत्तरायणाला येतीलच, तेव्हा करू." तेव्हा सप्टेंबर चालू होता. अंड्यापासून अंड्यापर्यंत तीनेक आठवडे धरले तर पतंग उडेपर्यंत त्या टाकीत पाच-सहा पिढ्या होतात. लंडनच्या पिंजऱ्यातली अख्खी वसाहत सातव्या पिढीपासून संपायला लागली होती, हे मी पटेलभाईंना सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या लंडनवाल्यांची किल्ली कोणाकडे होती?"